गुडघ्याखालून पाहिलेलं वर्ष

जून लागला की बेंगळुरात वारा सुटतो. पाऊस येईल, न येईल. वारा मात्र नेमाने येतो आणि आमच्या गच्चीवरचे टॉवेल उचलून शेजाऱ्यांच्या गच्चीवर टाकतो. हेब्बाळला आमचं घर तळ्याच्या अंगाला आहे, त्यामुळे त्याला अडवणारं कुणी नाही. यंदा त्या वाऱ्याबरोबर कोपऱ्यावरच्या सलूनमधल्या टीव्हीचा आवाजही घरात यायला लागला. फुटबॉलचा विश्वचषक सुरू झालाय. सामने होतात आपल्याकडच्या भलत्या वेळी, मग दिवसभर तेच ते पुन्हा दाखवत बसतात, आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक मान वाकडी करून बघायला लागलं की कात्री हवेतच थांबते. परवा भाजी घेऊन येताना मीही दारात थबकले. पडद्यावर कुणीतरी चेंडू घेऊन पळत होतं. कोण, कुठल्या देशाचा, मला पत्ता नाही. मी त्याच्या डाव्या पायाकडे बघत होते. टाच कधी टेकली, गुडघा कधी वळला. पिशवीतली कोथिंबीर वाऱ्याने विस्कटली तेव्हा भानावर आले आणि माझं मलाच हसू आलं. खेळ असा खालून बघायची सवय माझी नव्हे, अक्काची. मला ती लागली पॅरिसच्या ऑलिंपिकच्या वर्षी, बनशंकरीतल्या तिच्या घरात, आणि खेळांचा मोसम आला की ती अजून उचल खाते.

अक्का म्हणजे माझी आत्या. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. ते इथल्या रिवाजाने तिला अक्का म्हणत, म्हणून आम्ही सगळेच म्हणायला लागलो. आमच्या घराण्याला या गावात इतक्या पिढ्या झाल्यात की आम्ही घरात मराठी बोलतो, पण भांडताना आपसूक कन्नडवर येतो. अक्काने लग्न केलं नाही. मुलींच्या एका शाळेत ती आयुष्यभर पी.टी. शिकवत होती, आणि सुटीच्या दिवशी सकाळी पांढरी पँट, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी घालून चालण्याच्या शर्यतींची पंच म्हणून उभी राहायची. तिला बघायला म्हणून मी लहानपणी जायची आणि पुढे स्वतःच चालायला लागले. मला शिकवलंही तिनेच.

चालण्याची शर्यत म्हटली की लोक हसतात. कंबर डुलवत, कोपरं मारत, घाईच्या वेळी बस सुटल्यासारखी माणसं चालताना बघून हसू येणारच. नियम मात्र दोनच आहेत. एक पाऊल सतत जमिनीवर हवं, आणि पुढे टाकलेला पाय टाच टेकल्या क्षणापासून शरीराचा भार त्याच्यावर येईपर्यंत गुडघ्यात सरळ हवा. वाटेवर ठरलेल्या जागी पंच उभे असतात. त्यांच्याकडे कॅमेरा नसतो, दुर्बीण नसते. नुसत्या डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं. शंका आली की ते पिवळी चकती दाखवून सावध करतात. खात्री झाली की कागदावर लाल कार्ड लिहून पाठवतात. तीन पंचांची तीन लाल कार्डं जमली की चालणारा बाहेर. आणि पंचांनी एकमेकांना विचारायचं नाही, 'तुला काय दिसलं' म्हणून. प्रत्येकाने आपापल्या जागी एकट्याने उभं राहायचं आणि एकट्याने ठरवायचं. शर्यत संपल्यावरही त्याबद्दल बोलायचं नाही, ही त्यात अक्काने स्वतःहून घातलेली भर.

निवृत्त झाल्यावरही तिचे डोळे पंचाचेच राहिले. टीव्ही लावला की ती आधी आवाज बंद करायची. "त्या माणसाला गप्प बसवत नाही काय कुणी?" असं समालोचकाबद्दल म्हणायची. मग खुर्ची पुढे ओढून पडद्याच्या खालच्या निम्म्या भागाकडे बघत बसायची. क्रिकेट असलं तर गोलंदाजाचा पुढचा पाय, टेनिस असलं तर सर्व्हिस करणाऱ्याची मागची टाच, लांब उडी असली तर ती पांढरी फळी. जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंचे चेहरे तिला ओळखू यायचे नाहीत. एकदा पेपरात पहिल्या पानावर एका टेनिसपटूचा मोठा फोटो आला होता, कंबरेपासून वरचा. "हा कोण गं?" तिने विचारलं. आदल्याच दिवशी तिने त्याचा पाच सेटचा सामना जागचं न हलता बघितला होता. मी सांगितल्यावर म्हणाली, "असं होय! उजवा पाय घासतो की तो." आणि पान उलटलं.

त्या वर्षी काय नव्हतं! क्रिकेटचा विश्वचषक, युरोपातलं फुटबॉल, हिरवळीवरचं टेनिस, मग ऑलिंपिक, मग पॅरालिंपिक, आणि शेवटी बुद्धिबळ. (बुद्धिबळ तिने बघितलं नाही. टेबलाखाली काय चाललंय ते दाखवत नाहीत म्हणाली.) जानेवारीतच तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे सगळ्याच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. आणि त्याच जानेवारीत तिचा डावा गुडघा पार गेला. गेली चार-पाच वर्षं तो कुरकुरत होताच. आता बाजारातून येताना ती प्रत्येक कट्ट्यावर बसायला लागली. डॉक्टरांनी मार्चमध्ये गुडघा बदलून घ्या म्हणून सांगितलं.

पण मार्चमध्ये बेंगळुरात पाणी कुठे होतं? तो उन्हाळा इथल्या कुणी विसरणार नाही. बोअरवेल आटलेल्या, टँकरसाठी शेजारीपाजारी फोनवर फोन, व्हाइटफील्डच्या आमच्या ऑफिसात हात धुवायच्या नळाला पाण्याऐवजी सूचना लावलेली. अक्काच्या घरी दिवसाआड दोन बादल्या. "दोन बादल्यांत मी गुडघा धुऊ की भांडी?" तिने डॉक्टरांनाच विचारलं आणि ऑपरेशन पुढे ढकललं. त्या दोन महिन्यांत ती वाकलेल्या गुडघ्याने पाणी वाहत राहिली, कुणाला न सांगता. पाऊस झाला, बोअरवेलला पाणी आलं, तेव्हा कुठे जूनच्या मध्यावर ती ऑपरेशनच्या टेबलावर आडवी झाली. इतके दिवस वाकून राहिलेला गुडघा सरळ व्हायला वेळ घेईल, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते.

तिला बघायला दुसरं कोण होतं? मी हेब्बाळचं घर नवऱ्यावर सोपवून, लॅपटॉप आणि चार कुडते घेऊन बनशंकरीला आले. ऑफिसने घरून काम करू दिलं. तिच्या जेवणाच्या टेबलावर एका बाजूला माझे कॉल, दुसऱ्या बाजूला चटणीपुडीची बरणी, आणि समोर आवाज बंद केलेला टीव्ही. खरं सांगायचं तर मला तिच्याकडे राहायला जायची धास्ती वाटत होती. सणावाराला आम्ही भेटायचो, फोनवर बोलायचो, पण एका छपराखाली सलग राहून आम्हाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. ती का, ते पुढे सांगते.

रोज सकाळी दहाला रूपा यायची. फिजिओथेरपिस्ट, पंचविशीची मुलगी, पाठीवर सॅक, हात लोखंडासारखे. अक्काला ती अम्मा म्हणायची आणि कन्नडमधूनच दरडावायची. "स्वल्प नोवु इरुत्ते, अम्मा," थोडं दुखणारच, असं म्हणत ती जे करायची त्याला थोडं म्हणणं धाडसाचं होतं. पहिल्याच दिवशी तिने मला परीक्षा शिकवली. अक्काला पाठीवर उताणं झोपवायचं, पाय लांब करायचा आणि गुडघ्याच्या खालच्या पोकळीतून आपला हात सरकवायचा. हात आरपार जातोय तोवर पाय वाकडा. आत सरकलेला हात गुडघ्याखाली दाबला जाऊन अडकला की सरळ. "तीन महिने," रूपा म्हणाली. "तीन महिन्यांत सरळ झाला तर झाला. नंतर आतलं सगळं घट्ट होतं. मग पुन्हा भूल देऊन डॉक्टरांना तो जोर लावून सरळ करावा लागेल, आणि एवढं करूनही जन्मभर लंगडायची पाळी येऊ शकते." जाताना दारातून परत फिरली आणि म्हणाली, "आणि काही झालं तरी गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. बरं वाटतं, पण वाट लागते."

अक्का शांतपणे ऐकत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुट्टी, रोज संध्याकाळी तू बघायचंस. आणि बघितलेलं सांगायचं. सरी?" सरी म्हणजे ठीक, आणि पुट्टी म्हणजे छोटी. माझं वय तेव्हा सत्तेचाळीस.

संध्याकाळी साडेपाचला आमची परीक्षा. पहिल्या दिवशी माझी मूठ आरपार गेली. आठवड्याने एकावर एक धरलेली चार बोटं. मग काही केल्या आकडा चारच्या खाली येईना. अक्का दात आवळून गुडघा खाली दाबायची, कपाळावर घाम यायचा, आणि विचारायची, "जातो काय हात?" जन्मात कधी जिला कण्हताना ऐकलं नाही, ती बाई दुपारी झोपेत कण्हायची. पलंगाशेजारी बसून मी मोठमोठ्या आकड्यांच्या शीट भरत असायची आणि तो आवाज आला की तीच ओळ पुन्हा पुन्हा भरायची. एके दिवशी मला राहवलं नाही. जुनी सुती साडी चौघडी करून मी तिच्या गुडघ्याखाली हळूच सरकवली. तिचा चेहरा लगेच सैल झाला. कण्हणं थांबलं. किती बरं वाटलं मला! जागी व्हायच्या आत मी साडी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मग ते रोजचंच झालं.

आणि संध्याकाळी तिने विचारलं, "जातो काय?" तेव्हा माझी चार बोटं सहज आरपार जात असताना मी म्हटलं, "दोनच जातात, अक्का. झालाच बघ आता." तिने डोळे मिटून सुस्कारा टाकला. त्या सुस्काऱ्यासाठी मी पुढचे कितीतरी दिवस खोटं बोलले. चारची दोन, दोनची एक. रूपाला वेगळं दिसत असणार. ती कपाळाला आठ्या घालायची आणि जास्त जोर लावायची. पण अक्का तिला म्हणायची, "आमची पुट्टी बघते की रोज. तिला कळतं. चालणारी आहे ती."

चालणारी होते. एकोणीस वर्षांची होते तेव्हा. स्टेडियमबाहेरचा रस्ता बंद करून आखलेली दोन किलोमीटरची फेरी, जानेवारीतली थंडी, तोंडातून वाफ, झाडांवरून टपटपणारं दव. परदेशी जाणाऱ्या संघाची निवड त्या शर्यतीवर होणार होती. माझा पासपोर्ट काढून झाला होता. बाबांनी मला लोकरी कोट शिवून आणला होता. पंच कमी पडले म्हणून अक्काला वळणावर उभं केलं होतं. "माझी भाची आहे, मला नको," असं तिने सांगितलं होतं म्हणे, पण दुसरं कुणी मिळालं नाही. शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत फलकावर माझ्या नावापुढे दोन लाल ठिपके होते. वळणावर मी अक्काच्या समोरून गेले. आधीच्या फेरीत तिने मला पिवळी चकती दाखवली होती, गुडघ्याची. या वेळी काहीच दाखवलं नाही. मला हायसं वाटलं. तीनशे मीटर पुढे गेले तर मुख्य पंच लाल चकती घेऊन रस्त्यात आले. तिसरं कार्ड वळणावरचं होतं.

घरी कुणी काही बोललं नाही. अक्का दुसऱ्या दिवशी शाळेत गेली, आणि थोड्याच दिवसांत बनशंकरीला वेगळी राहायला गेली. मी बूट कुणाला तरी देऊन टाकले आणि कॉमर्सचा अभ्यास करायला लागले. पुढे लग्न, नोकरी, मुलगी. चारचौघांत कुणी तो विषय काढला की मी हसून म्हणायची, "आमच्या आत्यानेच काढलं की मला!" लोक हळहळायचे, आणि मला ती हळहळ आवडायची. अक्का समोर असली तर ती उठून आत जायची. तिने एकदा म्हणावं, 'चुकलं गं माझं,' एवढंच मला हवं होतं. अठ्ठावीस वर्षं मी त्याची वाट बघत होते.

ऑगस्ट लागला त्या दिवशी पॅरिसमध्ये चालण्याची शर्यत होती. तिथे पाऊस झाला म्हणून उशिरा सुरू झाली. आपल्याकडे जेवणाआधीची वेळ. मी चित्रान्नाचा भात फोडणीला टाकून तशीच येऊन बसले. चार उशांना टेकून बसलेली अक्का, पाय समोर लांब केलेला, निदान तिला तो लांब केलेला वाटत होता. पडद्यावर ओल्या रस्त्यावरून पावलांचा थवा निघाला. कितीतरी दिवसांनी तिने कुणाशी न बोलता बोलायला सुरुवात केली. "हा चांगला. हाही चांगला. त्या मागच्याचा डावा बघ, पुट्टी. दमला की वाकणार तो." मी बघितलं तर मला काही दिसलं नाही. दहा मिनिटांनी मला दिसलं. मी म्हटलं, "वाकला." अक्काने चटकन माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिने मला शाबासकी दिली नव्हती, तशी त्या दिवशीही दिली नाही, पण माझं मनगट धरलं आणि शर्यत संपेपर्यंत सोडलं नाही. फोडणी करपली. ते करपलेलं चित्रान्न आम्ही दोघींनी गोड मानून खाल्लं. त्या सबंध वर्षातला माझा सर्वांत आवडता तास कुठला विचाराल तर तो.

त्याच आठवड्यात डॉक्टरांची तपासणी. दोन दांड्यांचं मापक लावून त्यांनी कोन बघितला, पुन्हा बघितला. मग विचारलं, "घरी गुडघ्याखाली काही ठेवता का?" अक्का ठामपणे म्हणाली, "अजिबात नाही." माझे कान तापले. डॉक्टर म्हणाले, निम्मी मुदत संपली आणि हवी तेवढी प्रगती नाही. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सरळ नाही झाला तर पुन्हा भूल द्यावी लागेल. "या वयात ते मला आवडणार नाही," असं म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

परतीच्या टॅक्सीत आम्ही दोघी मागे बसलो होतो. नेहमीसारखंच सगळं तुंबलेलं. मेट्रोच्या खांबाशेजारी गाडी कितीतरी वेळ उभी. मी म्हटलं, "अक्का, मी ठेवत होते. साडी. तू झोपलीस की." ती समोर बघत राहिली. "आणि बोटं?" तिने विचारलं. "चार जातात," मी म्हटलं. "अजून चार जातात."

मला वाटलं होतं ती चिडेल. कन्नडमधून चिडली असती तर मला सोसलं असतं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "कशाला गं असं केलंस?"

"तुझा चेहरा बघवत नव्हता मला."

पुढचा रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला आणि थांबला. मग ती म्हणाली, "त्या दिवशी वळणावर मी पण चूक केली की. पंचानं पाय बघायचे. मी स्वल्प वर बघितलं. एकदाच. तुझा चेहरा बघितला. लाल झालेला, रडायला आलेला, लहानपणी ताप आला की व्हायचा तसा. आणि हातातला कागद मी खिशात घातला."

मी तिच्याकडे वळून बघितलं. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

"घातला की खिशात. वाटलं, कोण बघतंय? दोन आहेत, तिसरं नाही झालं तर जाईल पोरगी परदेशी. मग तुझ्या मागनं दुसरी एक मुलगी आली. तिचाही गुडघा वाकत होता. ती कुणाची कोण, मला ठाऊक नाही. तिचं कार्ड लिहायला कागद काढला आणि हातात तुझा आला." अक्काने पदराने नाक पुसलं. "दोन्ही पाठवले. तेव्हापासून मी चेहरे बघत नाही, पुट्टी. मला झेपत नाहीत ते."

गाडी सुटली. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला रडू येत होतं, आणि त्यात राग किती, माया किती, हे मला आजही सांगता यायचं नाही. जिच्याकडून मी 'चुकलं' ऐकायची वाट बघत होते ती चुकली होती खरी, पण मला हवं होतं त्याच्या अगदी उलट बाजूने.

दुसऱ्या दिवसापासून परीक्षा खरी सुरू झाली. साडी कपाटात गेली. दुपारचं कण्हणं मी कानांनी ऐकलं, शीट भरत राहिले, आणि उठून तिच्या गुडघ्याखाली काही ठेवलं नाही. हे लिहायला सोपं आहे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी द्यायची, गुडघा अधांतरी सोडायचा, वीस मिनिटं घड्याळ लावायचं. त्या वीस मिनिटांत अक्काने मला काय काय नावं ठेवली त्यांतली निम्मी कन्नड आणि सगळीच न सांगण्याजोगी. "जातो काय?" "चार." दुसऱ्या दिवशी, "चार." सहा दिवस चार. सातव्या दिवशी मी म्हटलं, "तीन," तर तिला खरं वाटेना. "परत घाल हात." परत घातला. तीनच. त्या दिवशी तिने स्वतःहून कॉफी मागितली, कडक.

दयेचं मला नंतर फार नवल वाटायला लागलं. माझ्या मुलीला मी गणितात मदत करायची तेव्हा शेवटची पायरी मीच लिहून टाकायची. ऑफिसात नव्या मुलांची चुकलेली कामं गुपचूप दुरुस्त करून ठेवायची आणि लोक मला प्रेमळ म्हणायचे. असेनही. पण किती जणांच्या गुडघ्याखाली मी साड्या ठेवल्या असतील, कोण जाणे. आपल्याला त्यांचा चेहरा बघवत नाही, म्हणून. रूपाला तो बघवत होता. अक्काला एकदा बघवला नव्हता, आणि तरीही तिने कागद बाहेर काढला होता. ते करायला काय लागलं असेल, हे मला त्या ऑगस्टपर्यंत सुचलंच नव्हतं.

ऑगस्ट सरता सरता पॅरालिंपिक सुरू झालं. अक्काने सवयीने खुर्ची पुढे ओढायला लावली, आवाज बंद केला आणि खाली बघितलं. धावणाऱ्यांची रांग उभी होती आणि काहींच्या पायांच्या जागी नुसती वळणदार पाती होती. टाच नाही, चवडा नाही, गुडघाही असला तर असला. ती गोंधळली. खाली बघत राहिली, मग हळूहळू तिची नजर वर चढली, मांड्या, छाती, खांदे, आणि शेवटी चेहऱ्यावर येऊन थांबली. शर्यत सुटली. एक मुलगी सगळ्यांत शेवटी आली आणि रेषा ओलांडल्यावर तिने आकाशाकडे बघून अशी काही किंकाळी फोडली की आवाज बंद असूनही आम्हाला ऐकू आली. "किती हसते बघ ती," अक्का म्हणाली. मग रिमोटकडे बोट दाखवून म्हणाली, "आवाज लाव की स्वल्प." पुढचे दहा दिवस आमच्या घरात टीव्ही बोलत होता. शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, सगळं बरं आहे ना म्हणून.

सप्टेंबरच्या मध्यावर, डॉक्टरांकडे जायच्या आदल्या संध्याकाळी, रूपा मुद्दाम थांबली होती. बाहेर गणपतीच्या मांडवाचे बांबू उतरवत होते. दोन दिवस आकडा एकवर अडकला होता. एक बोट, तर्जनी, जात होतं. रूपाने बाह्या सरसावल्या तशी अक्का म्हणाली, "तू नको गं. पुट्टी बघेल." रूपा मागे सरली.

मी पलंगावर बसले आणि हात आत घातला. अक्का माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"जातं काय?"

"जातं. एक."

तिने श्वास घेतला आणि दाबलं. मांडीचा स्नायू थरथरला. "आता?"

माझ्या ओठांवर 'नाही' आलं होतं. तिची हनुवटी कापत होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि उद्या पुन्हा भूल की नाही ते या बोटावर होतं. "जातं," मी म्हटलं. "अजून, अक्का."

तिने दोन्ही हातांनी चादर धरली. कितीतरी वेळ गेला. मग माझ्या बोटावर तिचा सबंध पाय आला, गरम, जड, आणि मी हात ओढून बघितला तर निघेना.

"आता?"

"अडकलं," मी म्हटलं. "सरळ आहे."

रूपाने टाळी वाजवली. अक्काने पाय सोडला नाही. तशीच दाबून राहिली, माझा हात खाली धरून. आणि काय झालं मला कळलं नाही, पण ज्यासाठी मी अठ्ठावीस वर्षं तिच्या तोंडाकडे बघत होते ते माझ्याच तोंडून बाहेर आलं.

"अक्का, त्या दिवशी वळणावर माझा गुडघा वाकत होता. मला कळत होतं. तुझ्या समोरून जाताना कळत होतं."

"ठाऊक आहे गं," ती म्हणाली, आणि मग पाय उचलून माझा हात मोकळा केला.